पत्रिकेच्या पाठीवरची फौज

चांद्याचा किल्ला आमच्या घरी आठवड्यातून दोनदा पडत असे. एकदा रविवारी दुपारी, आणि गुरुवारी शाळा लवकर सुटायची म्हणून आणखी एकदा. इंग्रजांची पलटण माजघराच्या उंबऱ्यावरून खाली उतरायची, तांदळाच्या कोठीला वळसा घालून कपाटापाशी तळ द्यायची, तोफा रोखायची, आणि स्वयंपाकघरातून चहाचा वास येईपर्यंत तटाला भगदाड पाडून मोकळी व्हायची. किल्लेदार मी, वय तेरा. इंग्रजांची सेनापती सुमनताई, वय अठरा, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गुरुजींची थोरली मुलगी. मी दर वेळी हरत असे आणि दर वेळी मरण्यापूर्वी मोठं भाषण करून, छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून मरत असे. सुमनताई ते भाषण पूर्ण ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "झालं? आता उठ अन् मुडदे गोळा कर."

खरा तट आमच्या गल्लीच्या टोकाला उभा होता, अजूनही आहे. इंग्रजांनी तो खरोखरच तोफा लावून फोडला होता आणि गुरुजी ती हकीकत शाळेत इतक्या रंगून सांगत की घंटा झालेली त्यांना ऐकू येत नसे. सुमनताई त्यांची मुलगी, पण तिच्यात रंगणं नव्हतं, हिशेब होता. तिचं म्हणणं असं की किल्ला इतिहासात पडला आहे, म्हणून तो पडणार. माझं म्हणणं असं की इतिहासात मी नव्हते. या एका मुद्द्यावर आम्ही दीड वर्ष लढलो. आता या वयात, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं तेव्हा, तिचंच खरं होतं असं वाटायला लागलं आहे. पण ते असो.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, चार पेट्या, कागद कापायचं एक दाते पडलेल्या पात्याचं यंत्र आणि मारोतीभाऊ. मारोतीभाऊ जातीचे ढिवर, घर तलावाच्या काठी, सकाळी जाळं आणि दिवसभर मशीन. त्यांच्या अंगाला मासळीचा आणि रॉकेलचा असा जोडवास यायचा. टोपलीत झिंगे असले की ते आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जायचे, "बाई, पाह्यजा" म्हणून पान ठेवायचे आणि मग मशिनीवर चढायचे. मशिनीचा आवाज आमच्या घराचं घड्याळ होता. खटक, सुस्कारा, धप्प. खटक, सुस्कारा, धप्प. आई त्या आवाजावर भात शिजवायची. हजार पत्रिकांचं काम असलं तर लाखोळीची डाळ चुलीवर ठेवून ती निवांत शेजारी जायची. मशीन थांबलं की डाळ उतरवायची वेळ झालेली असे.

पत्रिका, हँडबिलं, रसीदबुकं, जंगलखात्याच्या लिलावाच्या नोटिसा आणि तेरवीच्या चिठ्ठ्या, एवढं आम्ही छापायचो. त्यात बिघडलेले कागद निघत. कुठं शाई पुसट, कुठं वधूच्या नावाची वेलांटी तुटलेली. या बिघडलेल्या लग्नपत्रिकांमधून आमच्या फौजा जन्माला आल्या. मारोतीभाऊ तान्ह्या पोळ्यासाठी शिवणीच्या लाकडाचे बैल कोरायचे. त्याच चाकूनं त्यांनी मला दोन ठसे कोरून दिले, एक किल्ल्याच्या शिपायाचा आणि एक गोऱ्या सोजिराचा. ठशात वर चार शिपाई सरळ उभे, आणि त्यांच्याच टोपीला टोपी लावून खाली चार शिपाई उलटे. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर तो ठसा छापायचा, टोपीवर घडी घालायची, खळीनं चिकटवायचं आणि कापायचं. पुढून पाहा, मागून पाहा, शिपाई तयार. लग्नाचा मजकूर त्याच्या पोटात जायचा. सुमनताईचा एक नियम होता: मेलेला शिपाई उलगडायचा आणि त्याच्या पोटात काय आहे ते मोठ्यानं वाचायचं. कुणाच्या पोटात वधूपिता निघे, कुणाच्या पोटात मुहूर्त, कुणाच्या पोटात नुसतंच 'आपल्या येण्यानं'. मी एकदा तोफेच्या एका गोळ्यात एक अख्खं वऱ्हाड गमावलं होतं.

नियम सगळे तिनं एका वहीत लिहिले होते. पाच चिंचोके फोडून एक बाजू पांढरी केलेली. ते फेकायचे, जितके पांढरे पडतील तितके शिपाई मरायचे. खिळे जुळवायची जी लोखंडी पट्टी असते, तिला आम्ही स्टिक म्हणायचो, तिच्या तीन लांब्या एवढा तोफेचा पल्ला, एक लांबी बंदुकीचा. तटासाठी मशिनीतलं 'फर्निचर' लागे. छापखान्यातलं फर्निचर म्हणजे खुर्च्या-टेबलं नव्हेत. मजकूर चौकटीत घट्ट बसवायला भोवती ज्या लाकडी पट्ट्या ठोकतात, त्या. त्यांचा तट सुरेख व्हायचा. अडचण एकच होती. ऐन वेढ्यात बाबा यायचे आणि म्हणायचे, "शके, दोन पट्ट्या दे, लिलावाची नोटीस आहे," आणि माझ्या दक्षिणेच्या तटाला सरकारी खिंडार पडायचं. सुमनताई लगेच आपली पलटण तिकडे वळवायची. मी तक्रार केली की ही काय लढाई झाली. ती म्हणाली, "खऱ्या किल्ल्याचाबी दगड लोकांनी घरं बांधायला नेला. लढ."

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा पोंभुर्ण्याकडचा, घरी धानाची शेती, स्वतः शाळेत मास्तर. घर चांगलं, माणसं चांगली, सगळ्या गल्लीनं मान हलवली. तिला काय वाटतं हे मी विचारलं नाही. मला जे वाटलं ते विचारलं. मी म्हटलं, "मंग किल्ला?"

ती म्हणाली, "एक शेवटची लढाई करू. रोज एकच डाव. हळदीच्या दिवसापर्यंत किल्ला टिकला तर तू जिंकली."

असा उदार तह इंग्रजांनी कधी केला नव्हता. मी जिवापाड लढले. माझे शिपाई आठ दिवस टिकले, आणि नवव्या दिवशी सकाळी पाहते तो बुरुजावर प्रेतांचा खच. शत्रू झुरळं होती. खळ तांदळाची, आणि झुरळांना तांदूळ आवडतो. निम्मी फौज कमरेत कुरतडलेली. सुमनताई दुपारी डाव टाकायला आली, पाहिलं आणि म्हणाली, "रोगराईनंबी किल्ले पडतात." पण मग म्हणाली, "उद्यापर्यंत नवीन उभे केले तर चालतील."

दुसरा दिवस रविवार. मारोतीभाऊंची सुटी, बाबा जेवून आडवे. मशीन रिकामं, त्यात तेरवीच्या चिठ्ठीची काळी शाई अजून ओली. टेबलावर शनिवारी छापलेल्या सुमनताईच्याच पत्रिका वाळत होत्या, कुंकवासारख्या लाल. मारोतीभाऊंची पद्धत ठरलेली: चांगल्या पत्रिका उताण्या, बिघडलेल्या पालथ्या. एक गठ्ठा पालथा होता. मी तो उचलला, ठसा चौकटीत ठोकला आणि पाय मारला. खटक, सुस्कारा, धप्प. तीसेक पत्रिका झाल्या असतील. चैत्राच्या उन्हात शाई घटकाभरात सुकते. तेवढ्यात आईनं कुरड्यांना हात लावायला बोलावलं. तिला माझ्या फौजा आवडत नसत, म्हणून मी गठ्ठा लाल बाजू वर करून टेबलाच्या कडेला ठेवला आणि गेले.

सोमवारी मारोतीभाऊ आले तेव्हा मी कात्री घेऊन तयार होते.

"मारोतीभाऊ, माझी फौज कुठी आहे?"

"कोनती फौज?"

"तुमच्या पालथ्या पत्रिका. मी त्यावर शिपाई छापले."

ते टोपलीतले झिंगे पानावर ओतत होते. हात थांबला. "पालथ्या? पोरी, शनिवारी छताच्या कवेलूतून उंदरानं माती पाडली वरून. छापलेलं खराब होईन म्हनून मी चांगल्याच पालथ्या केल्या."

"अन् बिघडलेल्या?"

"त्या तं कापून टाकल्या मी."

आम्ही दोघांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. रविवारी संध्याकाळी गुरुजी येऊन सगळ्या पत्रिका घेऊन गेले होते, बाबांनी स्वतः हातानं मोजून दिल्या होत्या, आणि सोमवारच्या पहिल्या बसनं गुरुजींचे मेहुणे अक्षतांसकट पत्रिका घेऊन निघूनही गेले होते.

आज हे वाचणाऱ्याला कदाचित हसू येईल, मलाही येतं. पण लग्नपत्रिकेला काळी शाई लागत नसे. काळ्या शाईत येते ती मेलेल्याच्या तेरवीची चिठ्ठी. आमच्याकडे काळी शाई चुकून लाल कामाला लागू नये म्हणून बाबा रूळ तीन-तीनदा रॉकेलनं धुवायला लावत. आणि इथं तीस घरांत लग्नाचं बोलावणं पोचणार होतं, ज्याच्या पाठीवर काळेकुट्ट आठ बंदूकवाले, त्यातले चार डोकं खाली पाय वर. त्यात नवरदेवाचं घर असेल तर लग्न मोडायला तेवढं पुरेसं होतं. त्या काळात याहून कमी कारणावर मोडलेली लग्नं मला ठाऊक होती. त्यांच्या पत्रिका आमच्याकडेच छापलेल्या होत्या.

बाबा चिडले नाहीत. ते फक्त खाली बसले. चिडणाऱ्या बापाला तोंड कसं द्यायचं हे मला येत होतं, बसणाऱ्या बापाला नाही. मारोतीभाऊ धावत बसअड्ड्यावर जाऊन, इतर गावांच्या पत्रिका घेऊन निघालेल्या मेहुण्यांच्या मुलाला गाठून आले. नशीब एवढंच होतं की इतर गावच्या पत्रिका स्वच्छ होत्या. एकाही कोपऱ्यात शिपाई नव्हता. फौज सगळीच्या सगळी पोंभुर्ण्याच्या बाजूला गेली होती.

"गुरुजींना सांगू नका," बाबा म्हणाले. "मांडव घालून राह्यले ते. मी जातो अन् एकेक वापस आणतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ज्यानं छापलं त्यानं यावं."

आणि खरं सांगते, बसमध्ये बसताना माझ्या मनात एक लहानसा, वाईट विचार होता. लग्न मोडलं तर मोडलं. किल्ला तरी पुढं चालू राहील.

मंगळवारी पहाटेची बस मूलच्या रस्त्याला सोडली. पुढं काही कोस बैलगाडी, आणि गाडी गेली तिथून पुढं पाय. ऊन असं की सागाची पडलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजत. पहिल्या गावात माणूसच नव्हतं. तेंदूपत्त्याचे दिवस, सगळं गाव पहाटेपासून जंगलात पानं तोडायला गेलेलं. एक म्हातारा, दोन शेळ्या आणि मोहाच्या झाडाखाली आम्ही. तासामागून तास बसलो. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा डोक्यावर पानांचे भारे घेऊन लोक आले, आणि ज्यांच्याकडे पत्रिका होती ते घरधनी घाम पुसत समोर बसले.

बाबांनी विषय काढला. "पत्रिका जरा वापस पाहिजे होती."

घरधन्याचा चेहरा उतरला. "लगन मोडलं काय?"

"नाई नाई. छापण्यात थोडी चूक आहे."

"अक्षता आल्या त्यासंग. देवापाशी ठेवली. आलेलं बोलावणं वापस देते काय कोनी? तुम्ही वापस नेली तं गावात काय म्हनतीन? पोरीत काही खोट आहे म्हनतीन."

हे बाबांच्या लक्षातच आलं नव्हतं. एकेक पत्रिका परत मागणं म्हणजे तीस घरांत स्वतःच्या तोंडानं लग्न मोडल्याची दवंडी पिटणं. ते म्हणाले, "वापस नाई. पाठीले कागद लावाचा राह्यला, तेवढा लावतो."

पत्रिका देव्हाऱ्यातून बाहेर आली. घरच्या बाईनं पाठीमागच्या आठही शिपायांच्या कपाळी हळदकुंकू लावलेलं होतं. उलट्या चौघांनासुद्धा, नीट शोधून. तिला वाटलं, असतील नवरदेवाकडचे कोणी.

आमच्याकडे पिवळा कागद होता, खळ नव्हती. बाबांनी घरात पेज आहे का विचारलं. ताटलीभर पेज आली. अर्धी आम्ही प्यायलो, अर्धीनं कागद चिकटवला. पुढच्या प्रत्येक घरी हेच. इतकी पेज मी आयुष्यात कधी प्यायले नाही. कुठं सोबत आंबाडीची भाजी, कुठं सुकटाची चटणी, एका घरी चारं आणि टेंभरं ही रानफळं, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच ताटली. एका गावात पोरांनी शिपाई कापून काढले होते आणि धुळीत उभे करून त्यांना गोट्यांनी मारत होते. तिथली पत्रिका म्हणजे आठ खिडक्यांचं घर दिसत होतं. एका म्हाताऱ्यानं कागद लावू दिला, पण आधी विचारलं, "हे उलटे काऊन टांगले? चोर होते काय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टाचा फुटल्या. बाबांनी त्यांचं उपरणं फाडून बांधलं. ऊन, पाय, पेज, कागद. मला वाटतं, मी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा थकले. लहान मुलं दमतात, झोपतात, उठतात. थकणं वेगळं. थकलेल्या माणसाला आपण कशासाठी निघालो ते आठवत नाही, फक्त पुढचं घर आठवतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पुढचं घर नवरदेवाचं होतं.

ओसरीवर नवरदेवाच्या आत्याबाई बसल्या होत्या. त्या घरात त्यांचाच शब्द चाले हे दारातून आत पाऊल टाकताच समजत होतं. नवरदेवाचे वडील, चांगले मोठे गृहस्थ, त्यांच्याकडे पाहून मग आमच्याकडे पाहून हसले. समोर पाटावर पत्रिका होती, पालथी. आमची वाटच पाहत होती.

"बसा," आत्याबाई म्हणाल्या. "पानी घ्या. अन् मंग सांगा, काळ्या शाईची चिठ्ठी आमच्या घरी काऊन आली? तेरवी कोनाची आहे?"

बाबा म्हणाले, "मशिनीची चूक झाली बाई."

"मशिनीले बंदूक काढता येते काय?"

बाबा मान खाली घालून बसले. त्यांना खोटं येत नसे, एवढं एक वाक्यही त्यांनी रस्ताभर घोकून आणलं होतं. आत्याबाई बोलत होत्या, शांतपणे, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. अजून हळद लागली नाही, अजून काही बिघडलं नाही, देवानं खूण दाखवली तर माणसानं ती पाहावी. नवरदेवाचे वडील पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना तीन दिवसांच्या पेजेचा पापुद्रा धरला होता. माझ्या मनातला तो लहानसा वाईट विचार कुठं गेला कोण जाणे. मला एवढंच कळलं की या माणसाला मी इथं बसवलं आहे, आणि उठवायला माझ्याशिवाय कोणी नाही.

मी उभी राहिले. आठवड्यातून दोनदा मरायची सवय होती मला.

"आत्याबाई, ही तीट आहे."

"कायची?"

"नवरीच्या गालाले काजळाची तीट लावता ना, नजर लागू नये म्हनून? लेकराले लावता. नव्या घराले काळी बाहुली बांधता. मंग एवढी लालेलाल पत्रिका गावोगाव फिरते, शंभर जनाचे डोळे पडते तिच्यावर, तिले नाई लावाची?"

आत्याबाईंनी पत्रिका उचलली. लांब धरली, जवळ धरली.

"अन् बंदुका?"

"पहारा. पुढून चार, मागून चार."

"हे खालचे उलटे आहेत."

"नजर खालूनबी येते."

मला किती वेळ थांबायचं ते ठाऊक होतं. मरतानाच्या भाषणात सगळं कसब थांबण्यातच असतं. शेवटी त्या म्हणाल्या, "नागपुराकडे असंच छापून राह्यले काय आता?"

"नुकतंच सुरू झालं. चांद्यात आमचाच छापखाना पहिला."

"मंग आमच्या दुसऱ्या भाच्याच्या घरी काल कागद लावून काऊन आले? सांगून गेला तो मले सकाळी."

इथं मात्र मी बाबांकडे पाहिलं. आणि मग ज्यांना खोटं येत नव्हतं ते बाबा, जमिनीकडेच पाहत, म्हणाले, "तिथले पुसट उमटले होते बाई. पुसट पहारा काय कामाचा."

आत्याबाईंनी मान डोलावली. पत्रिका पाटावर ठेवली, या वेळी शिपाई वर करून, आणि आतल्या बाईला हाक मारली की कुंकू आण. नवरदेवाच्या बाजूच्या सगळ्या पत्रिका आमच्याकडेच छापायच्या असं तिथंच ठरलं, पहाऱ्यासकट, आणि पहारा ठळक पाहिजे. जेवायला तांदळाचे घावन आणि आंब्याचा रस होता. बाबा दोन घास खाऊन पानावरच पेंगले.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "तोंड चालते तुझं." थोड्या वेळानं म्हणाले, "चालू दे." पुढं कितीतरी वर्षं आमच्या छापखान्यातून पहारेवाल्या पत्रिका जात राहिल्या. मारोतीभाऊंना नवे ठसे कोरावे लागले. तिकडच्या एखाद्या जुन्या घरात देव्हाऱ्यामागे अजून सापडतीलही.

घरी पोचले ती तडक सुमनताईकडे गेले. पायाला उपरण्याच्या चिंध्या, केसांत धूळ. तिच्या अंगणात बाया हळद कुटत होत्या, मुसळांचा आवाज आणि मधूनच गाणं. ती आतल्या खोलीत एकटी बसून तांदूळ निवडत होती. मी दार ओढून घेतलं आणि सगळं करून दाखवलं. पालथा गठ्ठा, पेज, कुंकू लावलेले शिपाई. आत्याबाई बसून केल्या, मी उभी राहून केली, बाबांचं 'पुसट पहारा' दोनदा केलं. तिला हसू यावं म्हणून मी सगळं केलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लग्न वाचवलं मी तुझं," मी म्हटलं.

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "पत्रिकेवर नावं कोनं लिहिली, माहीत आहे?"

"कोनं?"

"मी. माझं अक्षर चांगलं म्हनून बाबानं माझ्यापुढंच ठेवल्या साऱ्या. एकेक उलटून पाह्यली मी. शिपाई दिसले. मले वाटलं, देवानंच पाठवले." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मंग चांगल्या एका बाजूला केल्या अन् तुझ्या साऱ्या पोंभुर्ण्याच्या गठ्ठ्यात घातल्या. सगळ्यात ठळक होती ते आत्याबाईच्या नावानं."

मी उभीच होते. बाहेर मुसळ पडत होतं.

"मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला होता मी. आलं उत्तर, जागा आहे म्हनून. बाबाले सांगू शकली नाई. एक साल पाहिजे होतं, शके. लग्न नाई करत म्हनली नाई मी. एक सालच."

"मले सांगाचं ना."

"तू सांगितलं असतं कोनाले तरी. पोट कुठी आहे तुले." मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुझ्या पायाले पानी लाव. सुजले." आणि बाहेरून तिच्या आईनं हाक मारली, चुडेवाला आला आहे म्हणून, तशी ती उठून गेली.

मी तिची माफी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर ती माहेरी यायची, दोन लेकरं घेऊन, तेव्हाही नाही. ती सुखात होती असं सगळे सांगत. मास्तर खरंच चांगला माणूस निघाला. मी विचारलं नाही, ती बोलली नाही, आणि आता विचारायला ती नाही.

लग्न दणक्यात झालं. पोंभुर्ण्याहून आत्याबाई आल्या आणि मांडवात शिरताच गुरुजींना म्हणाल्या की अशी पत्रिका आमच्या सात पिढ्यांत आली नव्हती. गुरुजींना काहीच ठाऊक नव्हतं, ते आनंदानं हात जोडत राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर पडले होते. आई बोलवायला आली, मागोमाग आणखी कोणीतरी. बाबा म्हणाले, राहू द्या, तीन दिवस उन्हात चालली पोरगी, या लग्नासाठी तिनं जे केलं ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. सगळ्यांनी मला पाहिलं, कोणीतरी अंगावर चादर टाकली, दार हळू लोटून घेतलं. मी डोळे मिटून पडले होते. झोप लागली नव्हती.